हिरव्यावर राखाडी

मिस्त्रीने ट्रकच्या दारावर बॅटरीचा झोत टाकला आणि बाईंना जवळ बोलावलं. "या ताई, हे बघा. सगळ्यात वर निळा, तो गाडी परत आपल्याकडे आल्यावर लिलावात घेणाऱ्या ठेकेदाराने दिलेला. त्याखाली राखाडी, तो शत्रूचा. आणि तळाशी हिरवा. हा आपला."

बाई वाकून बघू लागल्या. साठीच्या असाव्यात. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. हा ट्रक चालवणारा शिपाई त्यांचा थोरला भाऊ. लढाईच्या धामधुमीत तो ट्रकसकट नाहीसा झाला, आणि पळपुटा म्हणून त्याच्या नावाला काळिमा लागला. वडिलांनी त्या शरमेने अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलणं टाकलं. बाईंचं ठरलेलं लग्न मोडलं, ते कायमचंच. बाईंचा पत्ता शोधताना मिस्त्रीच्या हे सगळं कानावर आलं होतं. जुन्या लष्करी गाड्यांचे रंग सोलून खालच्या खुणा शोधण्यात त्याची हयात गेली, पण त्या खुणांनी कुणाचा कलंक पुसला जाईल असं कधी घडलं नव्हतं. निरोप धाडल्यापासून त्याला कधी एकदा बाई येतात असं झालं होतं.

"बॉनेटवरचा नंबर जुळतो. मडगार्डवरचा हा चौकोन त्यांच्याच तुकडीचा. त्याच्यावरच शत्रूने स्वतःची खूण मारलीय. पकडलेल्या गाडीवर मारतात तशी."

"त्यानेच नेऊन दिली असेल गाडी," बाई हळूच म्हणाल्या.

"मलाही आधी तेच वाटलं. पण दारावरचं हे भोक बघा. इथे हिरवा रंग फाटलाय, आणि बुजवलेल्या भोकावरून राखाडी सलग गेलाय. म्हणजे गोळी लागली तेव्हा गाडी आपलीच होती."

बुजवणीला त्याने बारीक छिद्र पाडलं होतं, त्यातून तार आत सारली. ती सरळ ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला जाऊन टेकली. तिथल्या स्प्रिंगांत रुतलेला बिल्ला त्याने काढून, पुसून ठेवला होता. तो त्याने बाईंच्या तळहातावर ठेवला. शिपायाच्या गळ्यातला बिल्ला. नंबर वाचता येत होता. मधोमध गोळीने भोक पाडलं होतं.

"तुमचा भाऊ पळाला नाही, ताई. स्टिअरिंगवर होता, तिथेच गेला. कुणीही विचारू दे, मी साक्षीला उभा राहीन."

बाई रडतील म्हणून त्याने पाण्याचा पेला भरून ठेवला होता. बाई रडल्या नाहीत. मूठ मिटून उभ्याच राहिल्या.

"पळाला नाही?"

"नाही."

"नक्की?"

"अगदी छातीठोक सांगतो."

बाजूला आडव्या टाकलेल्या टायरवर बाई मटकन बसल्या. मिस्त्रीने पेला पुढे केला, तो त्यांना दिसलाही नाही.

"घरी आई आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसत नाही, पण दार वाजलं की अजून उठून बसते."

"मग पहिलं त्यांना सांगा. मुलाच्या नावावरचा डाग गेला म्हणावं. जन्माचं सार्थक होईल त्यांच्या."

बाईंनी मान वर केली. इतका रिकामा चेहरा मिस्त्रीने आजवर पाहिला नव्हता.

"लोक आमच्या दारात थुंकून जायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा आई मला जवळ घ्यायची आणि कानात सांगायची, थुंकू देत. पळालाय ना, म्हणजे जिवंत आहे."