पाच सागरगोटे

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात वर्षा तापाने गेली. शोभाबाईने लेकीचे खेळायचे पाच सागरगोटे उधना वस्तीतल्या आपल्या खोलीपुढे डालड्याच्या डब्यात पुरले. पावसाळा सरत आला तरी एकच उगवला.

"हा कुठंतरी घासलेला असणार," शेजारचे बळीराम आप्पा म्हणाले. "कवच दगडासारखं असतं, बाई. घासल्याशिवाय आत पाणी शिरत नाही."

शोभाबाईचा हात आपसूक दंडावर गेला. पोरगी एक सागरगोटा ओट्यावर घासघासून तापवायची आणि "माय, चटका!" म्हणत मागून येऊन टेकवायची. शेवटी एकदा वैतागून हिने तिला धपाटा घातला होता.

शोभाबाईने उरलेले चार उकरून काढले. एकेक ओट्यावर घासला, आणि परत पुरायच्या आधी तापलेला तसाच दंडाला लावून धरला.