मुठीचं माप

शेखरनं बॅट टेबलावर ठेवली. "काका, काठ उडाला आहे. अन् आता तडा मुठीकडं चालला. पुढच्या हप्त्यात सामने आहेत माहे."

सूर्यभाननं दोन्ही बाजूंचं रबर हळूहळू सोलून काढलं आणि उघडी फळी उजेडात धरली. लाकडाचे पातळ थर, मधला एक काळा.

"उडालेला तुकडा कुठं आहे?"

"पडला असन कुठंतरी. दोन वर्सांपासून असाच आहे. टेप मारून खेळून राहिलो."

"गाव कोणतं तुमचं?"

"अकोला. इकडं अमरावतीत येणं-जाणं असते. फटफटी घेतली की निघालो."

"बडनेऱ्यावरून?"

"मंग काय उडत येऊ?" शेखर हसला.

सूर्यभान हसला नाही.

दोन वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका मोटरसायकलनं त्याच्या बायकोला, सुभद्राला उडवलं. चालवणारा पडला, उठला आणि गाडीसकट पळाला. पोलिसांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्यभान त्या जागी गुडघ्यांवर बसून माती चाळत होता, तेव्हा त्याला बोटाच्या पेराएवढा लाकडाचा तुकडा मिळाला. मधला थर काळा. जन्म सुतारकामात गेला, पण असं लाकूड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. खेळाचं सामान विकणाऱ्यानं सांगितलं, हा टेबल टेनिसच्या बॅटचा तुकडा आहे.

तुकडा आगपेटीत गेला. दारं-खिडक्यांची कामं बंद झाली आणि दुकानावर नवी पाटी लागली: मोडक्या बॅटा जोडून मिळतील. आलेल्या प्रत्येक बॅटला सूर्यभान तो तुकडा लावून पाही. एकीलाही बसला नाही.

"बाबा, सोडा आता हा नाद," मुलगी वर्षाली म्हणे. जावई गोपालही तेच म्हणे. त्याचं बोलणं सूर्यभानला टोचत नसे. त्या दिवशी फोन गेल्यावर तासाभरात गोपाल अकोल्याहून येऊन पोचला होता. खांदा दिला. पुढं स्वतःची मोटरसायकलही विकून टाकली. म्हणे, गाडीवर बसलं की सासूबाई डोळ्यांपुढं येतात. असा जावई नशिबानं मिळते, असं सूर्यभान सगळ्यांना सांगे.

त्यानं आगपेटी उघडली. तुकडा काठाच्या खाचेत ठेवला.

बसला. रेषा रेषेला मिळाली, काळा थर काळ्या थराला. नख फिरवलं तरी फट लागेना.

"बाप रे, काका!" शेखर वाकून पाहू लागला. "असा बरोब्बर तुकडा कुठून काढला?"

"ठेवला होता."

सूर्यभान उठला आणि त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

"काहून हो?"

"गोंद लावताना धूळ चालत नाही."

टेबलाखाली फडक्यात गुंडाळलेली एक रुंद पटाशी होती. दर शनिवारी तो तिला धार लावी. लाकडाला ती कधीच लागली नव्हती. ज्या हातानं गाडीची रेस पिळली, त्या हातासाठी ती ठेवलेली होती.

"उजवा हात टेबलावर ठेवा. मुठीचं माप घ्यावं लागते."

शेखरनं पंजा पसरून ठेवला. सूर्यभाननं त्याचं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं. मनगट गरम होतं, तरुण होतं. सुभद्राच्या मनगटात बांगड्यांच्या काचा रुतल्या होत्या. त्यानं उजवा हात टेबलाखाली घातला. फडकं सुटलं.

"जोरात धरता हो काका," शेखर म्हणाला. "पण माप घेता ते बरं करता. ही मूठ माह्या हाताची नाहीच. ज्याची बॅट होती, त्यानं आपल्या पंज्यापुरती घासून घेतली."

पटाशी टेबलाखालीच थांबली.

"ज्याची होती?"

"जुनीच घेतली ना मी. आमच्या अकोल्याचाच आहे तो, हाफिसच्या क्लबात खेळे. देताना बजावलं त्यानं, अमरावतीत कोणाले दाखवू नको. काहून, ते काही सांगितलं नाही. पण अकोल्यात बॅट जोडते कोण?" शेखरनं हात तसाच पसरून ठेवला होता. "माणूस लय मायाळू. बॅट अन् मोटरसायकल एकाच दिवशी विकली. सासू वारली ना त्याची. गोपालदादाचा फार जीव होता म्हणे तिच्यावर."