सतरावा खडक

"आधी चोराचं नाव घाल," आप्पा म्हणाले.

नाझियाने 'विटलॉक' टाईप केलं. पडद्यावर शून्य निकाल आले.

"बघितलंस? लपून बसलाय मेला."

"लपले नसतील आप्पा. एवढ्या जुन्या अंकांवर लेखकांची नावं नीट चढवलेली नसतात. उद्या दुसऱ्या वाटेने जाऊ."

कॉलेजच्या ग्रंथालयात त्या वर्षी, २००४ साली, ई-जर्नल्स आली होती. जगभरची संशोधनाची नियतकालिकं, जुन्या अंकांसकट, एका संगणकात. प्राध्यापक मंडळी त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघत. ई-जर्नल्स मनापासून वापरणारा माणूस एकच होता, आणि तो कॉलेजचाही नव्हता.

आप्पा निवृत्त मास्तर, वय शहात्तर. १९७१ साली ते हर्णेच्या शाळेत असताना विटलॉक नावाचा इंग्रज प्राध्यापक तिथे आला होता. आप्पांकडे एक वही होती. हर्णे ते केळशी पाण्याखाली असलेले बेचाळीस खडक आणि प्रत्येकाची खूण त्यात लिहिलेली. किनाऱ्यावरचा कुठला माड कुठल्या कळसाच्या रेषेत आला की होडी वळवायची, असं सगळं. दोन दिवसांत परत करतो म्हणून साहेब वही घेऊन गेला, तो गेलाच.

पहिल्या दिवशी आप्पांनी हे सांगितलं तेव्हा ग्रंथपाल हसले होते. नाझिया त्यांची सहायक. ती हसली नाही. "किती खडक म्हणालात?" एवढंच तिने विचारलं आणि शेजारी खुर्ची ओढून दिली.

कोकणात माणूस पाणी देण्याआधी गाव विचारतो. आप्पांनी दोन महिन्यांत या मुलीचं गाव विचारलं नव्हतं. पोर काम करते आहे ना, मग झालं, असा त्यांचा हिशेब.

मुलगा रितेश घरी रोज समजावायचा. "तेहतीस वर्षं झाली बाबा. द्या सोडून."

"साहेब आहे म्हणून सोडू? मेलो तरी सोडणार नाही," असं म्हणून आप्पा छत्री उचलायचे आणि अकराच्या ठोक्याला ग्रंथालयात हजर व्हायचे. म्हातारा हट्टी होता, पण त्याचा हट्ट बघून कोणालाही बरं वाटावं असा होता. गोऱ्या विद्वानाशी मराठी शाळेचा मास्तर एकटा भिडला होता.

नाझियाने विषयाने शोधलं. मग गावांच्या नावांनी. "आपण म्हणतो तसं नको, ते लिहितील तसं शोधू," म्हणत तिने हर्णेची साहेबी स्पेलिंगं चार तऱ्हेने घालून पाहिली. दुपारी लोडशेडिंग व्हायचं, बॅटरी कुईकुई करायची, तेवढ्यात ती सापडलेलं कागदावर उतरवून घ्यायची. जेवणाच्या सुट्टीतही ती उठत नसे. आप्पांना भरून यायचं.

"एवढं कोण करतो गो दुसऱ्यासाठी," ते एकदा म्हणाले.

"वही लिहायला किती वर्षं लागली तुम्हाला?" तिने विचारलं.

"अकरा. होड्या हाकणाऱ्या तांडेलांबरोबर समुद्रात हिंडलो."

"कोणकोण तांडेल?"

"होते पुष्कळ. नावं कुठली आठवायला?"

तिने मान डोलावली आणि पुढचं पान उघडलं.

शेवटी विटलॉक सापडला तो तळटिपेत. होकायंत्रावरच्या कुणाच्या तरी लेखाखाली त्याच्या १९७४ सालच्या लेखाचा बारीक अक्षरात उल्लेख होता. नाझियाने ते जर्नल, तो खंड, तो अंक उघडला. लेखाच्या शेवटी यादी होती. बेचाळीस खडक, खुणांसकट. आप्पांचं नाव कुठेही नव्हतं.

आप्पा पडद्याकडे वाकले. त्यांनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा बघ. जन्नतचा खडक. सरकारी नकाशात नाही, दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही. फक्त माझ्या वहीत. आता कुठे पळशील रे?"

"तुम्ही पाहिलाय हा खडक?"

"या डोळ्यांनी. मोठ्या ओहोटीला माथा उघडा पडतो. लिही, हेही लिही. संपादकाला पत्र घाल."

ते सांगत गेले, ती इंग्रजीत उतरवत गेली. आवाज चढला तसे ग्रंथपाल डोकावले. आप्पांनी त्यांना हातानेच परत पाठवलं.

"लिही. दुसऱ्याची वही दोन दिवसांच्या बोलीवर नेऊन जो परत करत नाही, तो विद्वान नव्हे, चोर आहे. त्याचं नाव खोडा आणि खऱ्या मालकाचं घाला. मी कोणाला भीत नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"शब्द सौम्य करू नको हो."

"एकही केला नाही."

"मग खाली मालकाचं नाव घाल."

नाझियाने नाव टाईप केलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. आप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"हे काय? मुसा तांडेल?"

"माझे आजोबा, हर्णेचे. जन्नत माझी आजी. ती सारखी वाटेत आडवी येते म्हणून आजोबांनी वहीत तिच्या नावाचा एक खडक घातला होता. समुद्रात तो नाही, आप्पा. कधीच नव्हता." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "शाळेतले मास्तर वही मागून घेऊन गेले, दोन दिवसांत परत करतो म्हणून. आजोबा मरेपर्यंत वाट बघत होते."

तिने माऊसवर हात ठेवला.

"पाठवू?"