पाच वॅटचा ॲम्प्लिफायर

वडिलांच्या स्पीकरमध्ये कापडामागे एकच नाजूक कागदी पडदा होता. त्याला मानवेल असा पाच वॅटचा ॲम्प्लिफायर शोधण्यात त्यांनी दोन वर्षं घालवली होती. एकदा ते फिरायला गेलेले असताना मुलाने हौसेने स्वतःचा शंभर वॅटचा जोडला, आवाज चढवला आणि पडद्याला चीर गेली. त्याने गुपचूप सगळं पहिल्यासारखं जोडून ठेवलं.

"आवाज फाटल्यासारखा येतोय का रे?" वडिलांनी संध्याकाळी विचारलं.

"छे, मला तर नेहमीसारखाच वाटतोय," तो मान खाली घालून म्हणाला.

खरं सांगायचं त्याने आठवडाभर रोज ठरवलं, पण जीभ रेटली नाही.

रविवारी वडिलांनी वायरी सोडवल्या आणि सगळं सामान त्याच्या खोलीत आणून ठेवलं.



"आता तूच ऐकत जा, राजा. माझे कान गेले."