वंशावळीतला गोल

“आमच्या रक्तात असलं काही नाही,” म्हणत अप्पांनी चौदा पिढ्यांची वंशावळ डॉक्टरीणबाईंपुढे पसरली. नातीला झालेला ल्युपस हा आजार सुनेच्या माहेरचाच, हा निकाल घरीच लागला होता. सून वृंदा लेकीशेजारी खाली मान घालून बसली.

“छान. यात बायका कुठायत?” बाई म्हणाल्या. “दहा रुग्णांत नऊ बायकाच असतात. पुरुष बहुतेकदा धडधाकट राहून वारसा तेवढा पुढे देतात.”

“मुली कशाला लिहायच्या?”

“एकीच्याही गालांवर हिच्यासारखे लाल चट्टे नव्हते?”

अप्पा अडखळले. “होते... थोरल्या अक्काच्या. फुलपाखरू बसल्यासारखे. एकोणिसाव्या वर्षी गेली. नजर लागली, म्हणायचे.”

वृंदाने मान वर केली. डॉक्टरीणबाईंनी वंशावळीत अप्पांच्या नावाशेजारी बाईच्या खुणेचा गोल काढला. “नाव?”

चौदा पिढ्या तोंडपाठ असलेल्या अप्पांना सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना.

नातीनेच सुजल्या बोटांनी गोलात लिहिलं, “अक्काआजी.” खाली दुसरा गोल काढून स्वतःचं नाव घातलं.