मिटल्या डोळ्यांचं मत

"लोकशाहीत डोये उघडे ठेवा लागते," अध्यक्ष डोमाजीनं जाहीर केलं, आणि मंडई कमिटीच्या बाकी चारही पंचांना डोळे मिटायला लावले.

त्याला कारण होतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडारीचं नाचगाण्याचं नाटक चालायचं आणि त्यात राणी व्हायचा महागू, अगदी स्वतःच्या लग्नाआधीपासून. राणीला शोभत नाही म्हणून त्यानं जन्मात मिशी ठेवली नव्हती. यंदा मात्र भैयालालचं नाव निघालं. पोरगा सिनेमातली गाणी म्हणायचा. आता महागूसाठी उघड हात वर करायचा म्हणजे पंचाईत. डोमाजी त्याचा साळा. लोक म्हणतील, सोयरपण केलं. प्रेमलाल नागपूर पाहून आलेला. त्याला कोणी गावंढळ म्हणायला नको. आणि बाकीच्यांना, प्रेमलाल हसेल याची धास्ती.

"अध्यक्षानंबी डोये मिटावं," चैतराम म्हणाला. "नाही तं तुमी पाहून घ्यान, कोनाचा हात कुठं हाय ते."

"हौ, मिटतो न बाबा. ज्याले महागू रानी पायजे, त्यानं हात वर करा."

मोहाच्या झाडाखाली डोमाजीनंही डोळे मिटले. पिकत्या धानाचा वास हळूहळू येत होता. महागूला मत नव्हतं, म्हणून तेवढे त्याचेच डोळे उघडे. समोरचे पाच चेहरे त्याला निजलेल्या लेकरांसारखे दिसले. मग डोमाजीचा हात सावकाश वर गेला. पाठोपाठ चैतरामचा, प्रेमलालचा. धानाच्या बांधीतून बगळे उठावेत तसे पाचही हात उठले आणि तिथंच तरंगत राहिले. कुठून तरी ढोलकी वाजल्यासारखी वाटली. महागूनं डोक्यावरचा नसलेला पदर सारखा केला.

हात उतरले. डोळे उघडले.

"किती झाले?" डोमाजीनं विचारलं.

पंच एकमेकांची तोंडं पाहू लागले.

"मी मोजले," महागू म्हणाला. "पाचही."

"वा रे वा! रानीचे मत रानीच मोजते काय?" प्रेमलाल हसला. मग सगळेच हसले. डोमाजी अंमळ जास्तच.

दुसऱ्यांदा मतं उघड्या डोळ्यांनी घेतली. डोमाजीनं चैतरामकडे पाहिलं, चैतरामनं प्रेमलालकडे, प्रेमलालनं आभाळाकडे. महागूसाठी एकही हात हलला नाही.

"एकमतानं भैयालाल," डोमाजी म्हणाला. "भाऊजी, तुमाले काही बोलाचं हाय काय?"

महागू उठला. राणी दरबारातून निघते तसा, मान ताठ ठेवून चालू लागला. झाडाची सावली संपली तिथं थांबला, वळला आणि वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

"पंचहो, आता मिशी ठेवू काय?"