जाकिटातली झोळी

कोर्टाने टेलरला बाळासोबत दर रविवारची सकाळ दिली होती. त्याच्या खोलीत आणखी तिघं राहत, तिथं तान्ह्या पोराला नेणार कसं? म्हणून बापलेक थंडीतही बागेतच फिरायचे. त्याने आपल्या जाकिटाला आतून जाड दुलईची झोळी शिवली होती. बाळाला तीत छातीशी बसवायचं, चेन वर ओढायची, आणि अधूनमधून बाळाच्या मानेला बोट लावून बघायचं.

आज परत सोडायला गेला, तर बायकोने दारातच बाळाला काढून घेतलं.

"गारठलं असेल पोर."

"मानेला हात लावून बघ की."

तिने हात लावला. मान छान उबदार होती.

"बरं. नीघ आता, जागं होईल ते," म्हणत तिने दार लावून घेतलं.

टेलरने घाईघाईने चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढली, आतली ऊब निसटू नये म्हणून. रिकाम्या झोळीखाली दोन्ही हात धरून तो बसमध्ये चढला. फुगलेलं जाकीट बघून एक मावशी चटकन उठल्या.

"बसा हो, तुम्ही बसा! मुलगा की मुलगी?" त्यांचा आवाज बसभर घुमला.

तो बसला.



"मुलगा," तो म्हणाला. "मावशी, जरा हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."